धाकट्याची निवृत्ती

"कापून झाल्यावर सांगता होय, माप घ्या म्हणून?" तोंडातल्या टाचण्या न काढताच बायकोनं विचारलं.

पत्रकारांनी हातातल्या कागदावरून वर पाहिलं. "असं कुठे लिहिलंय मी?"

"आत्ताच वाचलंत की. जुनी फाइल पुसा, आणि पुसण्याआधी तिची एक प्रत ठेवा. वाचत वाचत करत जाणाऱ्या माणसाची फाइल पहिल्याच वाक्याला गेली. दुसरं वाक्य वाचून तो तुम्हाला शिव्या देणार."

पत्रकारांनी मुकाट्यानं दोन्ही वाक्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा वाचून दाखवलं.

"आता कळलं," ती म्हणाली, आणि तिचं मशीन पुन्हा खडखडू लागलं.

पत्रकार हे काही खरे पत्रकार नव्हते. बस आगाराच्या कचेरीत वेळापत्रकं छापणारे प्रोग्राम ते सांभाळायचे, आणि ते काम इतकं बिनबोभाट चाले की कचेरीला त्यांची आठवण पंखा बंद पडल्यावरच व्हायची. पंखाही तेच दुरुस्त करत. पत्रकार हे नाव पडलं ते त्यांच्या पत्रकामुळे. संगणकाला कामं सांगायच्या भाषा ढिगानं आहेत. त्यांतल्या एका लहानशा भाषेवर पत्रकारांचा जीव जडला होता. ती वापरणारी माणसं जगभर विखुरलेली, एकमेकांची तोंडंही न पाहिलेली, पण कोणाचं काही अडलं की हातातलं काम टाकून धावणारी. त्यांच्यासाठी पत्रकार दर रविवारी सकाळी एक पत्रक पाठवत. वर बातम्या: नवी आवृत्ती कधी येणार, कुठली चूक दुरुस्त झाली, कोण कोणाशी कशावरून भांडलं. खाली एक युक्ती, लगेच कामाला येईल अशी.

ही युक्ती आधी बायकोला वाचून दाखवायची, हा घरचा कायदा होता. ती कपडे शिवायची. संगणकातलं तिला ओ की ठो कळत नसे, पण कुठली गोष्ट आधी सांगावी आणि कुठली मागून, यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती 'कळलं' म्हणाली तरच युक्ती छापायची.

त्या भाषेत पत्रकारांची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती. शब्द कितीही लांब-आखूड असले तरी त्यांचे सरळ रकाने पाडून देणारी एक आज्ञा. लेक तान्ही असताना, तिला मांडीवर थोपटत, उरलेल्या एका हातानं त्यांनी ती लिहिली होती आणि भाषा सांभाळणाऱ्या मंडळींनी ती भाषेत कायमची ठेवून घेतली होती. "ही थोरली, आणि तो तुमचा धाकटा," असं तेव्हा बायको म्हणाली आणि धाकटा हेच त्या आज्ञेचं नाव पडलं. पुढे शाळेत बाईंनी भावंडं किती विचारल्यावर लेकीनं सांगितलं, "एक भाऊ आहे, तो कॉम्प्युटरमध्ये असतो." बाईंनी कौतुकानं विचारलं, "कुठल्या कंपनीत?"

तर त्या दिवशी युक्तीचं काम उरकून पत्रकार पुढच्या आठवड्यासाठी आलेल्या बातम्या चाळायला बसले आणि एका बातमीशी अडकले. पुढच्या आवृत्तीतून धाकट्याला काढायचं ठरत होतं. काही लिपींत अक्षराच्या डोक्यावर आणि पायाशी खुणा असतात. धाकटा त्या खुणाही वेगळी अक्षरं म्हणून मोजतो आणि मग रकाने वाकडे होतात, असं कारण दिलं होतं. तेच काम बिनचूक करणारी नवी आज्ञा भाषेत केव्हाच आली होती. खाली नेहमीची ओळ होती: कोणाची हरकत असेल तर कळवावी. आता त्या मंडळींचा रिवाज असा, की ज्यानं एखादी गोष्ट लिहिली त्यानंच हरकत घेतली तर ती काढायची नाही. म्हणजे पत्रकारांनी नुसतं 'नको' म्हटलं की धाकटा वाचत होता.

जेवताना त्यांनी ही गोष्ट घरात सांगितली.

"काढतायत म्हणजे काय?" बायकोचा हात ताटातच थांबला. "जागा अडवतो का तो? जेवायला मागतो का कोणाकडे? स्पष्ट सांगा त्यांना, नाही काढायचा म्हणून."

"सांगणारच आहे. मुद्देसूद लिहितो." पत्रकारांना स्फुरण चढलं होतं. ते लेकीकडे वळले. "तुझ्या कामात धाकटा कुठे कुठे आहे ते मला सांग. उदाहरणं दिली की वजन येतं."

लेक दातांच्या दवाखान्यांसाठी प्रोग्राम लिहायची, आणि याच भाषेत. ती भाताशी खेळत राहिली.

"बाबा, माझ्याकडे नाहीये तो."

"नाहीये म्हणजे?"

"मी नवीनच वापरते. केव्हापासून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मग पत्रकारांनी पाण्याचा घोट घेतला आणि हळूच विचारलं, "त्रास काय द्यायचा तो?"

"पेशंटच्या नावांत खुणा जास्त असल्या की पुढचं सगळं शेजारच्या रकान्यात सरकायचं. एकदा काउंटरवरच्या मुलीनं यादी बघून एका आजोबांना दात काढायला बोलावलं."

"मग?" बायकोनं विचारलं.

"मग काय, आले बिचारे. तोंडात एकही दात नव्हता त्यांच्या. डॉक्टरांनी आ करायला सांगितलं, आणि दोघंही एकमेकांकडे बघत बसले."

बायकोला ठसका लागला. पत्रकारही हसले, चांगले पोट धरून हसले, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला रडू येईल. म्हणून ते हात धुवायला उठले.

हरकतीचा मजकूर लिहायला बसले तरी दोन ओळींपुढे हात चालेना. ही तक्रार आधी कोणी केली होती का, हे बघावं म्हणून त्यांनी मंडळींची जुनी चर्चा उघडली. तक्रार नवी नव्हतीच. कोणी ना कोणी ती परत परत केली होती, आणि दर वेळी खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'इतक्यात नको. तो ज्यांनी लिहिला ते अजून दर रविवारी आपल्यासाठी पत्रक काढतात.' लिहिणारी माणसं वेगळी, देश वेगळे, म्हणणं एकच.

पत्रकारांना वाईट वाटलं. धाकटा आपल्या गुणांवर टिकून आहे अशी इतकी वर्षं त्यांची समजूत होती, आणि तो टिकला होता लोकांच्या मुरवतीवर. त्याच वेळी, न पाहिलेल्या माणसांनी आपल्यासाठी एवढं सोसलं म्हणून त्यांना भरूनही आलं. लेकीनं बापाचं मन सांभाळलं तर ते समजू शकतं. पण एका माणसाला बरं वाटावं म्हणून जगभरच्या याद्या वाकड्या राहाव्यात, हे त्यांना पटेना. त्यांनी हरकत पुसून टाकली आणि युक्ती लिहायला घेतली.

शनिवारी दुपारी ते बायकोसमोर येऊन उभे राहिले. "आजची युक्ती घरच्याच माणसाची आहे," ते म्हणाले. "नीट ऐक."

बायकोनं मशीन थांबवलं. आपल्या कामात धाकटा कुठे कुठे आहे ते कसं शोधायचं, मग प्रत कशी ठेवायची, त्याच्या जागी नवी आज्ञा कशी बसवायची, आणि जुनी व नवी यादी शेजारी शेजारी ठेवून काय काय ताडून बघायचं, असं सगळं त्यात होतं. धाकटा लिहिणाऱ्याचं नाव कुठेही नव्हतं.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाचलं.

"त्याच्याबद्दल चांगला एक शब्द नाही घातलात."

"युक्तीत कौतुक करत नसतात गं. लोकांचा वेळ जातो."

तिनं जरा वेळ हातातली बाही उलटसुलट केली. "कळलं," ती म्हणाली. "एका वाचनात कळलं होतं. मला उगीच दुसऱ्यांदा ऐकायचं होतं."

पत्रक गेलं. त्यानंतर रोज दोन-चार उत्तरं येत राहिली. बदल केला, चहा गार व्हायच्या आत झाला, असं एकानं कळवलं. एका नर्सबाईंनी सांगितलं की वॉर्डातली यादी आता पट्टी न लावता वाचता येते. मग मंडळींचा निरोप आला: ज्यानं आणलं त्यानंच काढावं अशी आपली पद्धत आहे, तेव्हा तुम्हीच काढाल का?

पुढे एका रविवारी पत्रकार बसले, लेक खुर्चीच्या पाठीला टेकून उभी राहिली, बायकोही शिवण ठेवून आली. त्यांनी धाकट्याच्या ओळी निवडल्या आणि पुसल्या. त्याला काहीच वेळ लागला नाही. खरी परीक्षा पुढेच होती. ही भाषा वापरणाऱ्या लोकांनी स्वतः होऊन दिलेले सगळे प्रोग्राम आता नव्या आवृत्तीवर चालवून बघायचे होते. जो चालेल त्याची ओळ हिरवी व्हायची. कोणी बदल करायचा राहिला असेल, कोणाकडे धाकटा अजून असेल, तर ती ओळ लाल.

हिरव्या ओळी वर सरकू लागल्या. एक तरी लाल व्हावी, असं पत्रकारांना आतून फार वाटत होतं. कुठेतरी एखाद्या कोपऱ्यात कोणाचं तरी धाकट्यावाचून अडावं. शाळा, दवाखाने, ग्रंथालयं, त्यांचं स्वतःचं आगारही सरकत वर गेलं. मग पडदा थांबला.

"काही अडलं?" तिनं विचारलं.

"कुठेच नाही."

"कोणाचंच नाही?"

पत्रकारांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत डोळ्यांवर चढवून सगळी यादी खालपासून वरपर्यंत पुन्हा एकदा पाहिली.

"नाही," ते म्हणाले. "सगळ्यांनी पत्रक वाचलंय."