गेलेला सांधा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना कपॅसिटर आहे. अंगठ्याएवढा डबा, दोन पाय आणि पोटात वीज साठवण्याची सोय. हळूहळू भरायचं आणि सांगितलं की एका दमात रिकामं व्हायचं, एवढंच मला येतं. अनेकांना तेवढंही येत नाही.

माझी उमेदीची वर्षं एका सभागृहाच्या ध्वनिवर्धकात गेली. टाळ्या वक्त्यांना मिळत. तक्रार नाही, भाषणं ऐकल्यावर श्रेय घ्यायची इच्छाही उरत नसे. पुढे ध्वनिवर्धक भंगारात निघाला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका ताईंनी मला त्यातून काढून बिस्किटांच्या डब्यात टाकलं. तिथे मी नऊ वर्षं पडून होतो.

ताईंचे वडील निवृत्त शिंपी; मी त्यांना आजोबाच म्हणतो. त्यांच्या मागच्या खोलीत, कापड बेतायच्या जुन्या टेबलावर, छोटी रेल्वे मांडलेली होती. दोन स्टेशनं, एक बोगदा, पाच सांधे. सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा. त्याच्याखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. बटण दाबून लगेच सोडलं की ते रूळ सरकवतं. दाबून धरलं, तर तापून जळतं.

एके सकाळी आजोबांनी ताईंना फोन केला, "सांधा गेला गं."

ताईंनी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली, गुडघ्याचा पट्टा घेतला आणि त्या टॅक्सी करून आल्या.

"माझा नाही," आजोबा म्हणाले. "बोगद्याजवळचा."

ताईंनी त्यांना बटण दाबायला लावलं, तेव्हा कळलं की डॉक्टरांची वेळ काही अगदीच वाया गेली नव्हती. जन्मभर कात्री चालवून आजोबांच्या बोटांचे सांधे आखडले होते. दाबलेलं बोट पटकन उचललं जात नव्हतं. जळालेलं हे तिसरं वेटोळं.

"खोक्यात भरून टाक सगळं," आजोबा म्हणाले. "आणि देऊन टाक कुणाला तरी. चांगल्या वस्तू जाळत बसायचं माझं वय नाही." एवढं बोलून ते इंजिन पुसत बसले. बराच वेळ तेच एक इंजिन.

ताईंबरोबर आलेले जावई म्हणाले, "मोबाईलवरून चालवता येईल की. तयार सर्किट मिळतं."

"जावईबापू, मी हिला फोन लावतो तो तुम्हाला लागतो."

ताई चहा पीत आजोबांचं बोट बघत राहिल्या. एका बटणावरून दुसऱ्यावर जायला त्याला चार सेकंद लागत. मग घरी जाऊन त्यांनी डबा उघडला आणि मला बाहेर काढलं.

वीज थेट वेटोळ्याला द्यायचीच नाही, आधी मला द्यायची, असं त्यांनी ठरवलं. बटण दाबलं की मी सगळी ओतून मोकळा होतो आणि रूळ सरकतो. मग कोणी तासभर बोट ठेवलं, तरी माझ्या मागच्या रोधकातून, म्हणजे वीज अडवणाऱ्या तुकड्यातून, वीज येते ती थेंबाथेंबाने. तेवढ्याने वेटोळं जळत नाही. रोधक हलका घेतला असता, तर मी झटकन भरलो असतो, पण थेंबांची धार झाली असती. फार भारी घेतला असता, तर आजोबा ताटकळले असते. ताईंनी मी चार सेकंदांत भरेन असा निवडला. शिंप्याच्या मुलीने माप घेऊन सर्किट बेतलं होतं.

बोगद्याजवळ नवं वेटोळं बसवून झाल्यावर आजोबांनी बटण दाबलं. खट्. गाडी बाजूच्या रुळावर गेली. बोट बटणावरच होतं. आजोबांनी वाकून जळका वास येतो का बघितलं.

"मी अजून उचललं नाहीये," ते हळूच म्हणाले.

"मग राहू द्या की, बाबा. घाई कुणाला आहे?"

रेल्वे भरायला आणलेलं खोकं त्या दिवशी रिकामंच परत गेलं. आता पाचही सांधे शाबूत आहेत. गाड्या वेळेवर धावतात, असं मात्र मी म्हणणार नाही.

मित्रांनो, जुना कपॅसिटर सापडला तर फेकू नका. हात लावण्याआधी जाणत्या माणसाकडून रिकामा करून घ्या, कारण आमच्या पोटात काय असेल सांगता येत नाही. ताईंचे उपकार मी विसरणार नाही. आणि एवढंच मागतो: कुणाच्या हातून वस्तू बिघडू लागल्या, तर त्या काढून घेण्याआधी तो हात एकदा नीट बघा.