निळं पेटत नाही
रिन्तिंग बोर्निओतल्या पालंगकारायाच्या विद्यापीठातून लॅपटॉप घेऊन गावी आला, त्याआधीच त्याची कीर्ती येऊन पोचली होती. आग कुठे जाणार हे म्हणे तो आधीच सांगतो. म्हाताऱ्यांना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यांच्यातले निम्मे पाऊस सांगायचे, तेही फुकट.

त्याचं गणित तसं सरळ होतं. नकाशाचे हजारो चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात गवत किती, ओल किती, वारा कुठला ते भरायचं. एक चौकोन पेटला की शेजारचा पेटायची शक्यता किती, हे यंत्र काढायचं. पाण्याचे चौकोन निळे. निळं पेटत नाही.

सप्टेंबरात, तिकडच्या ऐन कोरड्या हंगामात, पश्चिमेकडून आग निघाली. गावात पंप एकच, आणि तो कुठे लावायचा हे अग्निपथकाच्या देहेनमामांनी भाच्यावर सोपवलं. उत्तरेला गावप्रमुखाचे अननस होते. पूर्वेला मिना लुंतेची रबराची बाग, आग आणि बाग यांच्यामध्ये कालवा. मिना म्हणजे मावशी. याच झाडांचा चीक विकून तिनं रिन्तिंगला शिकवलं होतं.

पडद्यावर त्यानं शंभरदा आग लावली. त्र्याण्णव वेळा ती कालव्याशी अडली आणि अननसांकडे वळली.

मिना हातात चप्पल घेऊन आली. चपलेचा तळ वितळून लोंबत होता.

"कालव्यात उतरले होते," ती म्हणाली.

"कालव्यात पाणी असतं, मिना."

"तू कधी उतरला होतास शेवटचा?"

"एका चपलेवरून काही सिद्ध होत नाही गं."

"दुसरी पण जाळून आणू का?"

सगळे हसले. रिन्तिंग जरा जास्तच हसला. पंप अननसांकडे गेला.

आग आज्ञाधारकपणे कालव्याशी थांबली, उत्तरेला वळली आणि तिथे विझवली गेली. गावप्रमुखानं अननस कापले. रिन्तिंगची छाती फुगून शर्टात मावेना.

चौथ्या दिवशी सकाळी मिनाच्या बागेत एक झाड पडलं. वारा नव्हता, ज्वाळा नव्हती. मग दुसरं पडलं. तिथली जमीन म्हणजे माती नव्हेच, शतकानुशतकांचा कुजलेला पाला; वाळला की आतल्या आत धुमसणारा. आटलेल्या कालव्याच्या तळाखालून आग गुपचूप अलीकडे आली होती आणि मुळं खात बसली होती. रिन्तिंगचा नकाशा फेब्रुवारीतला, म्हणजे तिकडच्या पावसाळ्यातला होता. तेव्हा कालवा काठोकाठ भरलेला असतो.

पंप ओढत आणेपर्यंत एकतीस झाडं आडवी झाली होती, पानं हिरवीगार. नऊ वाचली. रिन्तिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला तोंड उघडलं, तर धुरानं नुसता खोकलाच आला.

मिना पडलेल्या खोडावर बसली. पायात अजून एकच चप्पल.

"तुझ्या त्या पडद्यावर माझी झाडं उभी आहेत का रे?"

त्यानं लॅपटॉप उघडला. खोटं बोलायची सोय नव्हती.

"हो, मिना. चाळीसच्या चाळीस."

तिनं चीक काढायची सुरी त्याच्या हातात ठेवली.

"मग उद्या पहाटे जा आणि त्यांचा चीक काढून आण."