कुरोमात्सूची बायको

मंडळाचा गणपतीतला कार्यक्रम त्या वर्षी संगणकावरच होता. परदेशातल्या ओंगार गावच्या घरात उल्काने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि वडिलांना, उपेंद्ररावांना, खुर्ची ओढून दिली. फेब्रुवारीत ते नागपूरहून लेकीकडे तीन महिन्यांसाठी आले होते. कोरोनामुळे विमानं बंद झाली, आणि ऑगस्ट उजाडला तरी इथेच होते.

व्याख्यान उल्काच्या ऑफिसातल्या सारंगचं होतं. विषय, जपानी कथाकार कुरोमात्सु. उपेंद्रराव हरखले. ग्रंथपालाची नोकरी सांभाळून तीस वर्षं त्यांनी याच माणसावर एक वही भरत आणली होती. ती छापावी असं शंभरदा मनात आलं, आणि शंभरदा वाटलं, आपण कोण लागून गेलो?

सारंगने आधी एक चित्र दाखवलं. निळ्या केसांचा, तलवार उगारलेला तरुण.

"आजची पोरं कुरोमात्सूला असा ओळखतात. गेममधला हीरो! खरा कुरोमात्सु मात्र दारावर कुणी आलं की परसात जाऊन लपायचा."

उपेंद्रराव खुर्चीत पुढे सरकले. हे वाक्य त्यांचं होतं. पुढचंही. त्याच्या पुढचंही.

"उल्का, माझी वही?"

"मीच दिली त्याला. तुम्ही थोडेच बोलणार होतात, बाबा? विचारलं तर म्हणालात, छे, माझं कोण ऐकतंय! शेवटी तुमचं नाव घेईल तो. ऐका ना, काय ग्रँड बोलतोय!"

सारंगचा आवाज हळवा झाला. "बायको मरणाला टेकली होती. कुरोमात्सु तिला स्वतःची कथा वाचून दाखवत होता. मूळ कथेत बुडून मरणारा कोळी त्याने वाचता वाचता जिवंत घरी आणला. ती म्हणाली, 'खोटं वाचताय. पण वाचा.'"

उल्काने डोळे पुसले. उपेंद्रराव ताठ बसून राहिले.

व्याख्यान संपलं. नाव कुणाचंच घेतलं गेलं नाही. "काही शंका?" सारंगने विचारलं. उपेंद्ररावांनी माइक सुरू केला.

"तो बायकोचा प्रसंग... घडलेला नाही."

"काका, जपानी पुस्तकात आहे तो."

"कुठल्याच पुस्तकात नाही. तिच्याबद्दल काही मिळालंच नाही मला. ते मी रचलं. माझ्या वहीत."

पडद्यावरच्या चाळीस चौकटींतून माना वर झाल्या. मग सारंग हसला. "काका फारच रंगलेत! चला, आरतीची वेळ झाली." उपेंद्ररावांचा माइक तिकडूनच बंद झाला.

"काय हे, बाबा!" उल्का उसळली. "त्याला खोटं पाडलंत, स्वतःलाही पाडलंत. तीस वर्षं अभ्यास केलात आणि त्यात थापा लिहिल्यात?"

"नाव तेवढं कुरोमात्सूचं घातलं गं. वाचत होतो मी. ऐकत होती तुझी आई."

उल्काचा चेहरा उतरला. लॅपटॉपमधून टाळ्या आणि आरती वेगवेगळ्या घरांतून मागेपुढे ऐकू येत होत्या.

"मला कधी सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

"लिहिलं होतं की," उपेंद्रराव म्हणाले. "तू न वाचताच देऊन टाकलंस."