थुंकीने पुसलेलं भिंग

मी एक जुनं भिंग आहे, आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर हल्ली मला माणसांची किळस येते.

डोंगर मोजायला आलेल्या एका साहेबाने जाताना मला सातुर्निनाबाईंना दिलं. पेरू देशातल्या अयाकुचो शहराच्या वरच्या अंगाला आमचं गाव, आणि बाई तिथल्या औषधवाल्या. तीस वर्षं मी त्यांच्या गळ्यात होते. आमच्या कोरड्या उतारावर दोन पिवळी फुलं शेजारी शेजारी उगवतात, अगदी जुळ्या बहिणी. एकीचा काढा मूतखड्याच्या कळा थांबवतो, दुसरीचा माणसाला ओकून ओकून आडवं करतो. खऱ्या फुलाच्या पानाखाली बारीक लव असते. ती माझ्यातूनच दिसते. बाई मला रोज स्वच्छ फडक्याने पुसत.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि मी जावयाच्या, फोर्तुनातोच्या, खिशात आले. शी! चघळलेल्या कोकाच्या पानांचा चोथा, तंबाखूचा भुगा, वर उन्हात मला धरून हा सिगारेट पेटवणार.

परवा त्याच्या बायकोला, देल्मिराला, मूतखड्याच्या कळा सुरू झाल्या. तो उतारावर धावला. आमच्याकडे फूल तोडण्याआधी डोंगराची परवानगी मागायला कोकाची तीन पानं लागतात. ती काय निवडली त्याने! डाग नको, चीर नको. उलटीपालटी करून पाहिली, फुंकली, मातीत पुरली. आणि फूल? हाताला लागलं ते खसकन उपटलं. मी आपली खिशातच.

काढा उकळल्यावर बाई चाचपडत चुलीशी आल्या. "जावईबापू, भिंगातून पाहिलंत?"

"त्यात काय पाहायचं, आई? फुलं काय मी आज बघतोय?"

"बरं. मग पहिला पेला तुम्हीच घ्या."

देल्मिरा कण्हत म्हणाली, "घे की. तू प्यायल्याशिवाय मी तोंड लावणार नाही."

पेला ओठांपर्यंत गेला आणि तिथेच अडला. त्याने तो खाली ठेवला, मला बाहेर काढलं. तंबाखूच्या भुग्याने काही दिसेना, तर पठ्ठ्या माझ्यावर थुंकला आणि सदऱ्याने घासलं. मग उरलेल्या फांदीचं पान उलटं करून पाहिलं. गुळगुळीत. लवेचा मागमूस नाही.

काढा उकिरड्यावर ओतून तो परत उतारावर पळाला आणि या वेळी एकेक पान माझ्याखाली धरलं. संध्याकाळी देल्मिराच्या कळा थांबल्या. तिने नवऱ्याचं कौतुक केलं. मी परत त्याच खिशात, त्याच चोथ्याशेजारी.

मित्रांनो, माझं कौतुक नका करू. फूल तोडण्याआधी मला बाहेर काढा, आणि पुसायचं तर कोरड्या फडक्याने पुसा. थुंकून नको.