मास्तरांचा अधिभार

वेसाव्याहून अंधेरी स्टेशनला जायला तेव्हा हरेश्वरची टॅक्सी होती. बसही होती, पण ती तिच्या मर्जीने यायची. हरेश्वर कोळ्याचा मुलगा. वल्हं सोडून स्टिअरिंग धरलं म्हणून बापाशी भांडलेला. त्याच्या जुन्या हिलमनमध्ये रोज सकाळी आमची ठरलेली माणसं असायची. पुढे विद्याधर मास्तर, मागे एका खिडकीशी सखुबाई, दुसऱ्या खिडकीशी अनंत कर्णिक आणि मध्ये मी. सखुबाईची मासळीची पाटी डिकीत. रस्त्याच्या कडेला ताड, पलीकडे खाडीतली तिवरं, आणि खड्डा आला की अनंतच्या कोपराचा धक्का. "माफ करा," तो म्हणायचा. वर्षभरात तो माझ्याशी एवढंच बोलला होता. अशा माणसाचा राग येतो. खड्डे मात्र मला आवडायचे.

रागाला कारणही होतं. बाबांनी माझ्यासाठी दादरचं स्थळ आणलं होतं आणि महिनाअखेरच्या रविवारी मंडळी पाहायला येणार होती. मुलगा शिकलेला, घर चांगलं, नाव ठेवायला जागा नाही. नकार द्यायला माझ्याकडे खिडकीशी बसणारा एक मुखदुर्बळ माणूस सोडला तर काहीच नव्हतं. आणि त्याच्या मनात काय आहे, हे देवालाच ठाऊक.

तशात तिकडे सुवेझचा कालवा बंद पडला आणि इकडे पेट्रोल कडाडलं. कधी जमिनीवर पाय न ठेवणारे आमच्या ऑफिसातले साहेब बसच्या रांगेत दिसू लागले. सरकारने आधी काटकसरीचा उपदेश केला, मग हळूच कर वाढवला. एका सकाळी पेपरात मथळा आला, 'पेट्रोलवर अधिभार'. सरकारी मराठीत तेव्हा रोज नवे शब्द जन्माला येत आणि त्यांचं बारसं झालं तरी अर्थ कुणाला कळत नसे. हरेश्वरने मास्तरांना विचारलं. मास्तर शाळेत संस्कृत शिकवायचे, त्यांना एवढंच हवं होतं.

"अधि म्हणजे जास्त. भार म्हणजे वजन," मास्तर म्हणाले. "ज्या गाडीत जास्त वजन, त्या गाडीवर कर."

हे सांगताना त्यांनी मान वळवून डिकीकडे पाहिलं. मास्तर शुद्ध शाकाहारी, आणि त्या पाटीच्या वासाशी त्यांचं जुनं वैर होतं.

हरेश्वरचं तोंड उतरलं. नाक्यावर पोलीस आता गाडीचं वजन करणार, अशी त्याची खात्रीच पटली. "मावशे, उद्यापासून पाटी नको," तो म्हणाला.

"पाटी नको?" सखुबाई म्हणाली. "मंग बाजारात काय इकू, मास्तरची शेंडी?"

मग कोण किती जड यावर जुंपली. मास्तर म्हणाले, विद्येला वजन नसतं. सखुबाई म्हणाली, पोटाला असतं. हरेश्वरचं एकच पालुपद, कुणीतरी एक कमी व्हा. शेवटी अनंत म्हणाला, "मी चालत जाईन. त्यांनी पाटी घेऊन एवढं कुठे चालायचं?"

गाडीतला सगळ्यांत हडकुळा माणूस भार ठरून उतरला. मला त्याचं कौतुकही वाटलं आणि दोन थपडा द्याव्यात असंही वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या खिडकीशी बसू लागले. तो आमच्या आधी निघायचा आणि वाटेत ताडांपाशी कुठेतरी दिसायचा. आमची टॅक्सी त्याच्यावर धुरळा उडवून पुढे जायची. तो मान वर करायचा, मी पदर सावरायचे, संपलं. रविवार जवळ येत होता. घरी आईने बैठकीच्या चादरी धुवायला काढल्या.

मग एका सकाळी हरेश्वरनेच अनंतजवळ गाडी थांबवली. पंपावर त्याला खरा अर्थ कळला होता. अधिभार म्हणजे करावर आणखी कर, गाडी भरलेली असो की रिकामी. "या, बसा," तो ओशाळून म्हणाला. मास्तर खिडकीबाहेर तिवरं बघत बसले.

अनंतने दाराला हात घातला. तो आत बसला की परत कोपर आणि परत 'माफ करा', हे मला लख्ख दिसलं. मी दार उघडून खाली उतरले.

"का गं?" सखुबाईने विचारलं.

"आज चालावंसं वाटतंय."

सखुबाईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "हरेश्वर, चल रे," ती म्हणाली. "मासली तापते माजी."

गाडी गेली. धुरळा खाली बसेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे.

"तुमची लोकल चुकेल," तो म्हणाला.

"तुमचीही."

आम्ही चालू लागलो. मग मीच विचारलं, "रोज याच कडेने का चालता? त्या बाजूला सावली असते, धूळही लागत नाही."

तो पुढे बघत म्हणाला, "तुमची खिडकी या बाजूला असते."

आता त्या रस्त्यावर डोक्यावरून मेट्रो जाते आणि ताड शोधून सापडत नाहीत. पण ते वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं.

त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, दादरच्यांना येऊ नका म्हणा. बाबांनी चष्मा काढला. "कोण आहे तो?"

"स्टेशनला चालत जातो, तो."

"चालत? एवढा कमी पगार?"

"पगार बरा आहे, बाबा. पेट्रोल महाग झालंय."

बाबा हसले नाहीत. पण त्या रविवारी आमच्याकडे कांदेपोहे झाले नाहीत.