सुनेसाठी जाळीची पेटी

मुलगा गेल्यावर सून माहेरी निघून जाईल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ती गेली नाही. महिनाभर भिंतीकडे बघत बसली आणि एके सकाळी सासऱ्याच्या कामाच्या खोलीत येऊन म्हणाली, हाताला काहीतरी काम द्या. म्हाताऱ्या सुताराने तिच्या हातात पॉलिश पेपर ठेवला.

बघता बघता ती जाळीकामात तरबेज झाली. लाकडात आरपार नक्षी कापायच्या मशीनचं पातं दोऱ्याएवढं बारीक. नक्षीतल्या प्रत्येक पोकळ जागेसाठी आधी भोक पाडायचं, पातं सोडवून त्यातून ओवायचं, पुन्हा ताणून बसवायचं, मग कापायला लागायचं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांनी दगा दिला होता, हात मात्र शाबूत होते. म्हणून ओवायचं तिने, कापायचं त्याने. चार वर्षं असं बिनबोभाट चाललं.

तिचं दुसरं लग्न त्यानेच जमवलं. लाकूडवाल्याचा भाचा, बायको वारलेला, दूरच्या शहरात शिक्षक, स्वभावाने शांत. सून सहा महिने नकारार्थी मान हलवत राहिली. शेवटी म्हातारा म्हणाला की माझ्यामागे तू या भुशात एकटी बसशील, या विचाराने मला झोप लागत नाही. त्या दिवशी ती पोटभर रडली आणि हो म्हणाली.

लग्नाला तीन आठवडे उरले तेव्हा त्याने पेटी करायला घेतली. मुलाने हौसेने आणून ठेवलेली अक्रोडाची फळी काढली. झाकणावर वेल आणि वेलीवर पाखरं. सून खरेदीला बाहेर पडली की हा मशीनवर बसायचा. भोक बोटाने चाचपायचं, पातं अंदाजाने सारायचं. अकरा पाती तुटली. चौसष्ट जागा कापून झाल्या आणि अगदी शेवटी एका पाखराची चोच मोडली. त्याने कपची डिंकाने चिकटवली, पण सांधा दिसायचा तो दिसलाच. झाकण मांडीवर घेऊन तो बसून राहिला.

सून दारात कधीची उभी होती. पुढे आली, झाकण उचलून खिडकीच्या उजेडात धरलं.

“बाबा, मला का नाही हाक मारली?”

“तुझीच पेटी तुझ्याकडून करून घेऊ होय?”

ती हसली, पण हसू अर्ध्यातच विरलं. मग खाली बघत तिने विचारलं, “यात त्यांचा फोटो ठेवला तर चालेल?”

म्हाताऱ्याने मांडीवरचा भुसा झटकला.

“नको, पोरी. तो माझ्याकडे राहू दे. तू पेटी रिकामी ने. तिकडे जे मिळेल ते ठेव.”

तिने वाद घातला नाही. झाकण धरून बसली आणि त्याने बिजागऱ्या बसवल्या. स्क्रू एवढेसे, त्यातच दिवस मावळला.

लग्न नोंदवून झालं, दोघं बसने निघाली. नवऱ्याने पेटी सामानात न टाकता मांडीवर घेतली, हे बघून म्हाताऱ्याला जरा बरं वाटलं. बस वळेपर्यंत त्याने धीर धरला.

पुढे जाळीचं काम घेऊन कोणी आलं की तो सांगायचा, आता फक्त साध्या पेट्या करतो. सुनेचा फोन दर रविवारी यायचा. तिचा जीव मागे ओढला जाऊ नये म्हणून तो थोडक्यात आटपायचा. एकदा तिने खोदून विचारलं, कामाला मदत कोणाची? त्याने ठोकून दिलं, माणूस ठेवलाय.

“नाव काय त्याचं?”

म्हातारा गडबडला. तोंडात पहिलं आलं ते नाव बोलून गेला. ते मुलाचं नाव होतं.

मग सून हळूच म्हणाली, “दोघंही वेळेवर जेवत जा, बाबा.”

“जेवतो,” तो म्हणाला. फोन मात्र दोघांपैकी कोणीच ठेवेना.