झुंबरलालचं सुतक

विश्राम केणी नावाचा नट मुंबईत वारला आणि बोरटोल्यात रुखमानं चुलीत पाणी ओतलं. आता कुठं मुंबई आणि कुठं बोरटोला! पोंभुर्ण्याचा बाजार मागं टाकून जंगलात शिरलं की रस्ता संपता संपता चाळीस घरं लागतात, तो बोरटोला. त्यापुढं साग, बांबू आणि अस्वलं. तिथल्या एकाही माणसानं विश्राम केणी हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं. पण शाळेचे गुणवंतराव मास्तर पेपर घेऊन आले, त्यातला फोटो त्यांनी सगळ्यांपुढं धरला आणि रुखमानं कपाळाला हात लावला.

"अगं माय! हा तं आपला झुंबरलाल!"

पंच्याऐंशी साली ग्रामपंचायतीला टीव्ही मिळाला होता. उंच बांबूवर अँटेना चढवला, आणि दर बुधवारी संध्याकाळी सगळं गाव पंचायतीच्या अंगणात बसू लागलं. मालिका हिंदी, जंगलातल्या कुठल्याशा खेड्याची. तिचा नायक गोरागोमटा होता, नायिका गाणी म्हणायची, पण त्या दोघांची नावं आज विचाराल तर कोणाला सांगता यायची नाहीत. गाव यायचं ते झुंबरलालसाठी. झुंबरलाल म्हणजे त्या खेड्याचा जंगलगार्ड. आमच्याकडं गार्डाला नाकेदार म्हणतात. पोट पुढं, टोपी मागं आणि डोळा कायम दुसऱ्याच्या कोंबडीवर. दर भागात तो कोणाकडं तरी काहीतरी मागायचा, कधी तूप, कधी मध, कधी कोंबडी. हातात येता येता ते निसटायचं. मग स्वारी डोक्यावरची टोपी काढायची, तिच्यात जोरात फुंकर मारायची आणि जसं काही घडलंच नाही अशी ती पुन्हा डोक्यावर ठेवायची. लोभी होता, पण लाज असलेला लोभी होता. एका भागात म्हातारीची मोळी स्वतःच्या डोक्यावर घेऊन त्यानं ती नाक्यापार नेऊन दिली, तेव्हा बोरटोल्यातल्या बायकांनी पदरानं डोळे पुसले होते.

बोरटोल्याला स्वतःचाही एक नाकेदार होता. भैयाजी. त्याला लाज नव्हती.

दर शनिवारी भैयाजीची सायकल गावात यायची आणि जाताना हँडलला कोंबड्या उलट्या लटकलेल्या असायच्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याला सवय नव्हती. सायकलची घंटी वाजवायची, बोट दाखवायचं, कोंबडी बांधून घ्यायची. रुखमाचं घर त्याचं आवडतं. रुखमा विधवा बाई, आणि वावटळीत छप्पर उडालं तेव्हा तिनं मागच्या जंगलातून वाशांसाठी सागाच्या सहा बल्ल्या आणून घर शाकारलं होतं. गावात कोणाच्या घरावर जंगलाचं लाकूड नव्हतं? पण भैयाजीनं रुखमाच्याच बल्ल्यांकडं वर मान करून पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, "राहू दे बाई, मी काई पाह्यलं नाई." त्या न पाहण्याची किंमत म्हणजे शनिवारची कोंबडी.

मालिका सुरू झाली आणि दोनेक महिन्यांनी एका शनिवारी भैयाजीनं शेजारच्या बुधरीच्या कोंबड्याकडं बोट दाखवलं. बुधरी गोंडीण, साठीची, दात दोनच. तिनं डोक्यावरची चुंबळ काढली, तिच्यात फूऽऽ करून फुंकर मारली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. गल्ली खदखदून हसली. भैयाजीही आधी हसला, मग कशाला हसतात ते कळलं आणि कानापर्यंत लाल झाला. त्यानंतर तो कुठंही उभा राहिला की कोणीतरी टोपी काढायचं, कोणी पदराच्या टोकात फुंकायचं. पोट्टे तर शाळेच्या पाट्यांवर फुंकायचे. तेव्हापासून केणी जाईपर्यंत दीड वर्ष एकही कोंबडी हँडलला लटकली नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

म्हणून रुखमा रडली तेव्हा ते नाटक नव्हतं. नवरा गेल्यावर ती अशी रडली नव्हती, हे तिनं स्वतःच सांगितलं, आणि सासरच्या माणसांना ते आवडलंही नाही.

मंगळवारी माणूस गेला, गुरुवारी बोरटोल्याला कळलं, शनिवारी भैयाजीची सायकल आली. पेपर त्यानंही वाचला होता.

"तुमचा झुंबरलाल गेला म्हंतेत," तो रुखमाच्या दारात उभा राहून म्हणाला. "वाईट झालं." आणि त्यानं घंटी वाजवली. "ते काळी कोंबडी दे."

कोणीतरी फुंकर मारेल म्हणून रुखमानं गल्लीकडं पाहिलं. पण मेलेल्या माणसाची नक्कल करणार कोण? सगळे खाली माना घालून उभे होते. तेवढ्यात तिच्या तोंडून निघून गेलं, "आज नाई देता येत जी. सुतक हाय."

"कोणाचं?"

"झुंबरलालचं."

"तो का तुमचा सोयरा होता?"

"घरातलाच होता," रुखमा म्हणाली. "दर बुधवारी येत होता."

भैयाजी पेचात पडला. सुतकाच्या घरचं पाणीसुद्धा कोणी पीत नाही, मग कोंबडी काय खाणार! त्याची आई सोवळ्याओवळ्याची कडक, तिला कळलं तर त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. तो बुधरीकडं वळला. बुधरी म्हणाली, "मले भी सुतक." तिच्या पुढच्या दारातही सुतक. चाळीस घरांपैकी ज्या ज्या घरात कोंबडी होती, त्या त्या घरात झुंबरलाल वारला होता.

बोरटोल्यानं सुतक पाळलं ते मात्र मनापासून. पुरुषांनी दाढ्या केल्या नाहीत. संध्याकाळी सगळे बंद टीव्हीपुढं बसायचे आणि एकेकानं एकेक भाग सांगायचा. तो मोहाच्या मडक्यात पडला तो भाग. अस्वलाला सलाम ठोकला तो भाग. कोणी चुकलं की दहा जण दुरुस्त करायचे. रुखमाचा दीर देवाजी, जन्माचा मुखदुर्बळ, तोसुद्धा एका संध्याकाळी उठला आणि म्हणाला, "मोळीचा भाग मी सांगतो." सांगता सांगता तो मध्येच खाली बसला आणि भाग अर्धाच राहिला.

दुसऱ्या शनिवारी भैयाजी कागद घेऊन आला.

"तेरवी उद्या हाय ना? होऊ द्या," तो म्हणाला. "मंग रुखमाच्या घराचा पंचनामा करतो. सहा बल्ल्या. देवाजी, तू पंच."

पंचनाम्याला दोन पंच लागतात, त्यांच्या सह्यांशिवाय तो कागद चालत नाही. आठ वर्षं भैयाजीचा पहिला पंच देवाजीच होता. कागदावर काय लिहिलंय हे न विचारता तो सही करायचा, कारण न करणाऱ्याच्या घरावरचं लाकूड पुढच्या खेपेला दिसू लागायचं. देवाजीनं वहिनीकडं पाहिलं नाही आणि नाकेदाराकडंही पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी रुखमा गुणवंतराव मास्तरांकडं गेली. साऱ्या गावात सुतक न पाळणारे तेवढेच. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून त्यांच्या घरात असलं काही नाही. पण रोज संध्याकाळी तेही बंद टीव्हीपुढं येऊन बसत होते.

"मास्तर, एका कागदावर असं काई लिहून द्या ना," रुखमा म्हणाली, "का सुतक महिनाभर राह्यते."

मास्तर हसले नाहीत. "आणि महिना झाल्यावर काय सांगाल?"

रुखमा उठू लागली, तसं मास्तरांनी तिला थांबवलं.

"बाई, माझा बाप मेली ढोरं ओढत होता. छप्पन साली सोडलं. पाठ दुखून राह्यली असं सांगून नाई सोडलं. पाटलाच्या दारात गेला आणि म्हणाला, आजपासून ओढत नाई. पाटील म्हणे, काऊन? बाप म्हणे, ओढत नाई म्हणून." मास्तरांनी चष्मा पुसला. "मार खाल्ला त्यानं. पण पुन्हा कोणी बोलवाले आलं नाई."

रुखमा घरी आली आणि फोटोपुढं बसली. पेपरातला तो फोटो तिनं पुठ्ठ्यावर चिकटवला होता. खाकी वर्दी, तिरपी टोपी, ओशाळलेलं हसू. जिता होता तेव्हा यानं आपल्याला वाचवलं, मेला तरी आपण यालाच पुढं ढकलून मागं लपतो आहोत, हे तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. मुंबईत त्याची बायकापोरं असतील, ती खरं सुतक पाळत असतील. इथं आपण त्यावर कोंबड्या राखतो आहोत. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं?

रविवारी तेरवी झाली. भात, वरण, वांग्याची भाजी, आणि कुठल्या घरातून आलं ते कोणी विचारू नये असं तूप. फोटोला झेंडूचा हार. वर्दीतल्या माणसाला बोरटोल्यानं राजीखुशीनं हार घातला, तो तेवढाच. पंगत उठायच्या आधी रुखमा उभी राहिली. बाई माणूस पंगतीपुढं बोलत नसतं, पण तिनं पदर खोचला आणि बोलली.

"दीड वर्ष यानं आपल्यासाठी राखण केली. आता याले जाऊ द्या. उद्यापासून याचं नाव सांगून कोणी काई टाळू नका. ज्याले द्याचं हाय त्यानं द्या. मी नाई देत. माझ्या घरावरच्या बल्ल्या माझ्यापाशी."

कोणी 'हो' म्हटलं नाही, कोणी 'नाही' म्हटलं नाही. भात मात्र सगळ्यांनी पोटभर खाल्ला.

भैयाजीनं शनिवारची वाट पाहिली नाही. सोमवारी सकाळीच घंटी वाजली. गल्लीत माणसं जमली, पण लांब. रुखमा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली.

"फिटलं ना सुतक?"

"फिटलं."

"मंग काळी कोंबडी आण."

"नाई देत."

"आता कोण मेलं?"

"कोणी नाई मेलं," रुखमा म्हणाली. "सगळे जिते हावो. नाई देत म्हणून नाई देत."

भैयाजीनं शांतपणे सायकल लावली, कागद काढला, छपराकडं मान वर केली. बल्ल्या मोजून लिहिल्या, रुखमाचं नाव लिहिलं. मग हाक मारली, "देवाजी! ये, सही कर."

देवाजी गर्दीतून पुढं आला. रुखमाला वाटलं, संपलं. त्यानं कागद हातात घेतला आणि आठ वर्षांत पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत वाचला. वाचायला त्याला बराच वेळ लागला. मग त्यानं तो दोन्ही हातांनी नाकेदाराला परत दिला.

"नाई करत," तो म्हणाला.

"तुह्या घरावर का गवत हाय रे? तुह्याही बल्ल्या लिहू का?"

"लिहा जी." देवाजीचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "माह्या सात हायेत. पण वहिनीच्या कागदावर मी सही नाई करत. माह्या कागदावर कोण करते ते तुम्ही पाहा."

भैयाजीनं दुसऱ्याला हाक मारली, मग तिसऱ्याला. दारोदार गेला. बुधरीनं आपला अंगठा पदरात गुंडाळून घेतला. मास्तरांपुढं कागद ठेवला, तेव्हा ते म्हणाले, "सही येते मला. करत नाही." उन्हं डोक्यावर आली तेव्हा भैयाजी घामानं भिजून पुन्हा रुखमाच्या दारात उभा होता.

"दुसऱ्या गावचे पंच आणीन," तो म्हणाला.

"आणा," रुखमा म्हणाली. आता तिनं चौकट सोडली होती. "पोंभुर्ण्याहून आणा, नाई तं चंद्रपूरहून आणा. बल्ल्या कुठी पळत नाईत आणि मीही नाई."

कागद तसाच घडी करून खिशात घालून भैयाजी सायकलवर बसला. त्यावर पंचांच्या सह्यांच्या दोन्ही जागा कोऱ्या होत्या.